स्पीकरवर टाकलेला आवाज



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ रोजी. म्हणजे मराठी माणसाची व्याख्यानं ऐकायची सवय टेलिफोनपेक्षा जुनी आहे. आज सभागृहात चाललेलं व्याख्यान न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसलेला श्रोता त्याच वेळी ऐकू शकतो. ऐकू शकतो खरा. पण त्याला नीट ऐकू येतं का? आणि नीट ऐकू येत नसेल, तर दोष नेमका कुठे असतो?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांच्या ओठावर तयार असतं: नेट स्लो आहे. रेंज नाही. मग राउटर बंद करून चालू केला जातो, प्लॅन वाढवून घेतला जातो, खिडकीपाशी जाऊन उभं राहिलं जातं. आणि तरीही पलीकडून तेच वाक्य येतं, ‘आवाज घुमतोय, जरा जवळ येऊन बोला.’ ते वाक्य पुन्हा एकदा नीट ऐकावं. समोरचा माणूस ‘वेग वाढवा’ म्हणत नाही, ‘जवळ या’ म्हणतो. आजच्या व्याख्यानाचा सगळा आशय त्याच्या त्या मागणीत आहे. इंटरनेट कॉलमधला आवाज बहुतेक वेळा इंटरनेटमध्ये बिघडत नाही. तो बिघडतो बोलणाऱ्याचं तोंड आणि मायक्रोफोन यांच्यामधल्या हवेत. ज्याला मायक्रोफोनजवळची खुर्ची मिळत नाही, त्याचं म्हणणं तिथेच गळून पडतं.

हे चार मुद्द्यांत मांडता येईल: आवाजाचा पट्टा, खोलीतलं अंतर, प्रतिध्वनी आणि वेळ. त्यानंतर, खराब आवाज ऐकणाऱ्याच्या मनात बोलणाऱ्याविषयी काय मत तयार करतो, ते पाहू.

पहिला मुद्दा पट्ट्याचा. टेलिफोनच्या तारेतून माणसाचा अख्खा आवाज कधी गेलाच नाही. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनांना तिथे वाट होती. आवाज डिजिटल झाला तरी ही चौकट तशीच राहिली. सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. जी.७११ नावाचं हे मानक १९७२ मध्ये ठरलं आणि ते आजही वापरात आहे. या चौकटीत स्वर बसतात, बोलणाऱ्याची ओळख पटते, तो रागावलाय की हसतोय तेही कळतं. पण ‘स’ची सळसळ बहुतांशी ४००० हर्ट्झच्या वर असते, ती कापली जाते. म्हणून फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत होते. आकडा सांगतानाही ‘साठ, सहावर शून्य साठ’ असं फोड करून सांगावं लागतं, नाहीतर समोरचा सात लिहून मोकळा होतो.

इंटरनेटवरच्या कॉलला या चौकटीची सक्ती नव्हती. १९७४ मध्ये डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्पानेटवरून आवाजाची पाकिटं पाठवून दाखवली. १९९५ मध्ये इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीनं घरच्या संगणकासाठी इंटरनेट फोन बाजारात आणला. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी स्काइप आलं आणि परदेशी गेलेल्या मुलांशी आठवड्यातून एकदा, घड्याळ बघत बोलणाऱ्या आईवडिलांचं आयएसडी बूथमधलं ताटकळणं हळूहळू संपलं.

या सगळ्याच्या मुळाशी एका भारतीय शास्त्रज्ञाचं काम आहे, ते आवर्जून सांगायला हवं. बिष्णु अटल हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकले आणि १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये दाखल झाले. आवाजाची अख्खी लहर पाठवण्याऐवजी, ती लहर घडवणाऱ्या घशाची आणि तोंडाची त्या क्षणाची घडण काही मोजक्या आकड्यांत पाठवता येईल, हा त्यांच्या कामाचा गाभा. जपानमध्ये फुमितादा इताकुरा यांनीही स्वतंत्रपणे हीच वाट धरली होती. १९८५ मध्ये अटल आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी त्यापुढची पद्धत मांडली. तेव्हा एका सेकंदाचं बोलणं दाबून लहान करायला क्रे-१ या महासंगणकाला १२५ सेकंद लागत होते! आज त्याच घराण्यातलं गणित खिशातला फोन बोलता बोलता उरकतो. २०१२ मध्ये ओपस नावाचं खुलं मानक आलं. ते सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कुठेही काम करतं, आणि ब्राउझरमधून होणाऱ्या कॉलमध्ये त्याची सोय असणं बंधनकारक आहे. जुन्या टेलिफोनला जेवढे बिट लागत होते त्याच्या निम्म्यात ओपस बोलणं त्याच्या सळसळीसकट पोचवतं.

मग विचारायला हवं: वाट इतकी रुंद झाली, तर आवाज अजून का घुमतो?

इथे दुसरा मुद्दा येतो, अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. फोन कानाला लावलेला असतो तेव्हा माइक तोंडापासून साधारण ५ सेंटिमीटरवर असतो, असं धरू. तोच फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि माणूस खुर्चीत मागे रेलून बसला, की अंतर ८० सेंटिमीटर होतं. पाचाचे दहा, दहाचे वीस, विसाचे चाळीस, चाळिसाचे ऐंशी. चार वेळा दुप्पट, म्हणजे २४ डेसिबलची उतरण. माइकवर पडणारी ऊर्जा अडीचशे पटींहून जास्त घटली. पंख्याची घरघर मात्र होती तेवढीच राहिली. एसीही तसाच चालू. रस्त्यावरचा हॉर्नही तसाच. आता फोन आपणहून आवाज वाढवतो, पण वाढवतो तेव्हा सगळंच वाढवतो.

शिवाय खोली स्वतः बोलू लागते. तोंडातून निघालेला शब्द थेट माइककडे जातो, तसाच तो भिंतीवर, छतावर, टेबलावर आपटून थोड्या थोड्या उशिरानं पुन्हा पुन्हा माइककडे येतो. खोलीच्या या स्वभावाचं मोजमाप पहिल्यांदा केलं ते वॉलेस सॅबाइन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकानं. १८९५ मध्ये विद्यापीठानं त्याच्यावर एक काम सोपवलं. फॉग कला संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणंच कळत नव्हतं. शब्द सुमारे साडेपाच सेकंद हवेत रेंगाळायचा, तोवर वक्ता पुढच्या वाक्यावर गेलेला असायचा. सॅबाइन रात्री, सगळं शांत झाल्यावर तिथे जायचा. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा. ऑर्गनची एक नळी वाजवायची, थांबवायची, आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही सभागृह बांधणारे वापरतात. खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि तो शोषणारी मऊ वस्तू जितकी जास्त तितका कमी.

आता आपल्याकडची कचेरीतली मीटिंगची खोली डोळ्यांसमोर आणावी. खाली गुळगुळीत टाइल्स, दोन बाजूंना काचेची पार्टिशनं, वर पीओपीचं छत, मध्ये सनमायकाचं लांब टेबल. सतरंजी नाही, पडदे नाहीत, पुस्तकांचं कपाट नाही. आवाज शोषेल असं काही म्हणजे काही नाही. टेबलाच्या मधोमध एकच फोन स्पीकरवर टाकलेला, भोवती आठ माणसं. साहेब फोनजवळ बसलेले, त्यांचं प्रत्येक वाक्य खणखणीत पोचतं. टोकाला बसलेल्या लेखनिक बाई म्हणतात, ‘सर, ती फाईल गुरुवारीच तालुक्याला पाठवलीय, पावती माझ्याकडे आहे.’ खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकू जातं, कारण माणसाला दोन कान आहेत आणि कुठून येणारं बोलणं उचलायचं आणि कुठलं सोडायचं, हे मेंदू त्या दोघांच्या मदतीनं ठरवतो. फोनच्या माइकला ती निवड तशी जमत नाही. मुंबईत बसलेल्या वरिष्ठांना ऐकू येतं ते एवढंच: ‘…फाईल… तालुक्या…’ आणि पंखा. पुढच्या दहा मिनिटांत फाईल कुणी अडकवली याची चौकशी सुरू होते. पावती हातात असलेल्या बाईंचं म्हणणं खोलीबाहेर गेलेलंच नसतं.

तिसरा मुद्दा प्रतिध्वनीचा, आणि इथे विषय खरा रंगतो. स्पीकरमधून आलेला समोरच्याचा आवाज त्याच खोलीतल्या माइकमध्ये शिरतो आणि उलटा प्रवास करून त्याच्याच कानात जातो. बोलता बोलता स्वतःचीच वाक्यं मागून ऐकू आली की माणूस अडखळतो, थांबतो, गप्प होतो. यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तुम्हाला तुमचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर दोष जवळपास नेहमी समोरच्या टोकाला असतो. ज्याच्या खोलीत बिघाड आहे त्याला काहीच त्रास होत नाही. त्रास दुसऱ्याला होतो. म्हणून तक्रार करणारा आपल्याच फोनची बटणं दाबत बसतो आणि दुरुस्ती होत नाही.

सुरुवातीच्या स्पीकरफोनांनी यावर सोपा उपाय केला होता. एक बाजू बोलू लागली की दुसरी बंद करायची. प्रतिध्वनी गेला, पण संवादही गेला. समोरचा बोलत असताना ‘हो’, ‘बरोबर’, ‘थांबा, तसं नाही’ असं मध्येच म्हणायची सोय राहिली नाही. जो मोठ्यानं बोलेल त्याच्याच ताब्यात तार.

तारेतल्या प्रतिध्वनीवरही वापरला जाणारा हा उपाय पुरता उघडा पडला तो उपग्रह आल्यावर. १९६५ मध्ये अर्ली बर्ड उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर जाऊन बसला. तिथपर्यंत जाऊन खाली यायचं, उत्तरानं पुन्हा वर जाऊन परतायचं, यात अर्धा सेकंद जाऊ लागला. एवढ्या उशिरात बाजू बंद करण्याची युक्ती वाक्यांचे तुकडे पाडू लागली. बेल लॅब्जमध्ये जॉन केली, बेन लोगन आणि मनमोहन सोंधी यांनी निराळा विचार केला. सोंधीही अटल यांच्यासारखे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. १९६७ मध्ये सोंधी यांचा प्रतिध्वनी पुसणाऱ्या यंत्रावरचा लेख प्रसिद्ध झाला. विचार असा: तार बंद कशाला करायची? समोरून काय आवाज आला ते यंत्राला ठाऊकच आहे. तो परत येताना कसा बदलून येतो, ते यंत्रानं स्वतः ऐकून शिकावं, प्रतिध्वनीची हुबेहूब नक्कल तयार करावी आणि परतीच्या आवाजातून ती वजा करावी. शिकणं मात्र थांबता कामा नये, कारण वाट सारखी बदलत असते.

तारेतल्या प्रतिध्वनीसाठी ही वजाबाकी कठीण होती. खोलीतल्या प्रतिध्वनीसाठी ती कितीतरी कठीण. सेकंदाला १६,००० नमुने घ्यायचे आणि २०० मिलिसेकंदांचं घुमणं पुसायचं, तर ३२०० आकडे सतत सुधारत राहावे लागतात. कुणी दार उघडलं, कुणी पुढे वाकलं, कुणी टेबलावरचा फोन सरकवला, की खोली बदलली आणि शिकवणी पुन्हा सुरू. आणि दोघं एकदम बोलू लागले तर यंत्राला कळायला हवं की यातला प्रतिध्वनी कुठला आणि माणूस कुठला. हे रोजच्या वापरात यायला स्वस्त आणि वेगवान चिपची वाट पाहावी लागली. १९९२ मध्ये पॉलिकॉम कंपनीचा तीन पायांचा साउंडस्टेशन आला आणि मीटिंगच्या टेबलावर दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता येऊ लागलं. आज ही वजाबाकी प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक ब्राउझरमध्ये चालू असते. फक्त एकाच खोलीत दोघांनी दोन लॅपटॉपवरून एकाच मीटिंगला बसू नये. एका लॅपटॉपच्या स्पीकरमधून काय निघतंय ते दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं, वजाबाकी चुकते आणि किंकाळी फुटते.

चौथा मुद्दा वेळेचा. बोलणं साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवलं जातं, सेकंदाला ५० पाकिटं. ती एकापाठोपाठ निघतात, पण एका चालीनं पोचत नाहीत. म्हणून पलीकडचा फोन त्यांना थोडा वेळ रांगेत थांबवतो आणि मग ओळीनं वाजवतो. रांग लहान ठेवली तर उशिरा आलेलं पाकीट फुकट जातं आणि आवाज तुटतो. रांग लांब ठेवली तर बोलणं सलग येतं, पण उशिरा. हरवलेलं पाकीट पुन्हा मागवायला बहुधा सवड नसते. फोन मागच्या तुकड्यावरून अंदाजानं फट बुजवतो, आणि लागोपाठ बऱ्याच फटी पडल्या की आवाज रोबोटसारखा होतो. इथे दोष खरोखरच नेटवर्कचा असतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण हा बिघाड प्लॅनमधल्या मेगाबिटांनी सुटेलच असं नाही. घरातल्या वाय-फायवर एकाच वेळी दोन सिनेमे चालू असतील, तर पाकिटं रांगेत अडकणारच.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या धाग्यातून प्रकाशाला तेवढं अंतर कापायला किमान ६० मिलिसेकंद लागतात, आणि समुद्रातल्या केबली सरळ रेषेत जात नाहीत. त्यात तुकडे करण्याचा वेळ, रांगेचा वेळ, ब्लूटूथ हेडफोन असेल तर त्याचा वेळ. १५० ची मर्यादा ओलांडायला फार काही लागत नाही.

एवढ्याशा उशिरानं काय बिघडतं? बरंच बिघडतं. २००९ मध्ये दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातली फट सगळ्या भाषा मिळून सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली. माणूस इतक्या झटक्यात उत्तर देतो, की उशीर झाला की त्याला अर्थ चिकटतो. ‘येशील ना दिवाळीला?’ या प्रश्नावर अर्धा सेकंद शांतता पसरली, तर आईला वाटतं पोरगं टाळतंय. पोरानं मात्र लगेच ‘हो’ म्हटलेलं असतं. २०१४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हेच प्रयोगातून दाखवलं. जोडणीतला उशीर लोक समोरच्या माणसाच्या नावावर टाकतात. तो कमी लक्ष देणारा आहे, तुटकपणे वागतोय, असं त्यांना वाटतं.

आतापर्यंतचं थोडक्यात: पट्टा आता पुरेसा रुंद आहे. अंतर मात्र आवाज खातं, खोली तो घुमवते, प्रतिध्वनी वजाबाकीनं पुसला जातो, उशीर पूर्ण टाळता येत नाही. मग उरलेला सगळा कचरा सॉफ्टवेअरनं साफ करावा, असं कुणी म्हणेल. ते काम चालूही आहे. २०१७ मध्ये ज्याँ-मार्क व्हालाँ यांनी, म्हणजे ओपसच्या कर्त्यांपैकी एकानं, शिकवलेलं न्यूरल जाळं वापरून गोंगाट काढणारा छोटा प्रोग्रॅम खुला केला. आता कुकरची शिट्टी, कुत्र्याचं भुंकणं, कीबोर्डची टकटक कॉलमधून गायब होऊ शकते. पण गोंगाट कुठला आणि आवाज कुठला, हे ठरवलं कुणी?

पुण्या-मुंबईचे गायनशिक्षक परदेशातल्या शिष्यांना कॉलवरून शिकवतात, तेव्हा या प्रश्नाशी त्यांची रोज गाठ पडते. तानपुरा एकसारखा वाजत राहतो, आणि एकसारखा चालणारा नाद म्हणजे पंखा किंवा एसी असणार, असंच बहुतेक साफसफाई गृहीत धरते. त्यामुळे शिष्याला गुरूचा षड्ज ऐकू येतो, पण ज्याच्याशी तो जुळवायचा तो तानपुराच विरून जातो. लांबवलेला स्वरही मध्येच बुडतो. झूमनं संगीतकारांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचा पर्याय दिला तो यासाठीच. तो चालू केला की खोलीचा सगळा गोंगाटही आत येतो. मग शांत खोली आणि जवळ ठेवलेला माइक, इथेच परत यावं लागतं.

शेवटचा भाग मताचा. २०१८ मध्ये एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांची तीच भाषणं, त्याच मुलाखती. एका गटाला चांगल्या आवाजात ऐकवल्या, दुसऱ्याला खराब आवाजात. खराब आवाजात ऐकणाऱ्यांना ते संशोधनच कमी महत्त्वाचं वाटलं आणि शास्त्रज्ञही कमी हुशार वाटला. शब्द तेच होते. २०२५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की पत्र्यासारख्या चिरक्या आवाजात बोलणारा उमेदवार नोकरीसाठी कमी पात्र वाटतो. शब्द इथेही तेच होते, आणि ते सगळे कळतही होते.

आता ज्यांचं आयुष्य अशा कॉलवर अवलंबून आहे, त्यांचा विचार करावा. स्वस्त फोनवरून नोकरीची मुलाखत देणारी नंदुरबारची मुलगी. तुरुंगातून व्हिडिओवर न्यायाधीशांसमोर उभा केलेला कच्चा कैदी. ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवर डॉक्टरांना छातीतली घरघर समजावून सांगणारी म्हातारी. यांच्यापैकी कुणाच्याही म्हणण्यात खोट नसते. खोट असते ती टाइल्स लावलेल्या खोलीत आणि तोंडापासून दीड मीटरवर ठेवलेल्या माइकमध्ये. निकाल मात्र त्या माणसावर लागतो. हे अन्याय्य आहे, आणि ते टाळता येण्याजोगं आहे.

म्हणून सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक व्हिडिओ-खोलीसाठी तीन गोष्टी मागायला हव्यात, मग ती न्यायालयातली असो, जिल्हा रुग्णालयातली असो, शाळेतली असो की ग्रामपंचायतीतली. एक, कॅमेरा आणि पडद्याच्या किमतीआधी माइकची जागा ठरावी. कुणाचंही तोंड माइकपासून हातभर अंतरापलीकडे नको, आणि टेबल लांब असेल तर एकाऐवजी तीन-चार माइक हवेत. दोन, निदान एका भिंतीला जाड पडदा आणि जमिनीवर जाजम. तीन, खोली ताब्यात घेण्याआधी आवाजाची चाचणी व्हावी, आणि ती साहेबांच्या खुर्चीतून नव्हे तर सगळ्यात लांबच्या खुर्चीतून, पंखा चालू ठेवून. त्या खुर्चीत बसलेल्यानं रोजच्या आवाजात पंचवीस नावं आणि पंचवीस आकडे वाचावेत. पलीकडच्यानं जे ऐकू येईल ते कागदावर लिहावं. दोन्ही कागद शेजारी ठेवून चुका मोजाव्यात आणि तो आकडा कंत्राटदाराच्या बिलाला जोडावा. या चाचणीला नवं यंत्र लागत नाही. लागतात दोन माणसं, दोन कागद आणि दहा-पंधरा मिनिटं.